सॉक्रेटिसचे प्रश्न

मुलांनो, शूर कोणाला म्हणावे? रणांगणातून न पळणाऱ्याला, असे तुम्ही म्हणाल. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स नगरात लॅकीस नावाचा सेनापतीही असेच म्हणाला. त्यावर सॉक्रेटिसने विचारले, मग धीराने आजार सोसणारा शूर नाही का? सेनापती गोंधळला! ही हकिकत सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो याने लिहिली आहे.

असा मुळापर्यंत विचार करणे म्हणजे तत्त्वज्ञान. सॉक्रेटिस अनवाणी फिरे आणि भेटेल त्याला प्रश्न विचारी. काहींना त्याचा राग आला. तो तरुणांना बिघडवतो, असा आरोप झाला. इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याला विष पिण्याची शिक्षा झाली. मित्र क्रायटोने त्याला तुरुंगातून पळून जाण्याचा आग्रह केला. तेव्हाही सॉक्रेटिसने विचारले, पळून जाणे योग्य आहे का?