आधी तपास, मग पाना

नवीन जालना

चि. बाळ,

पत्र मिळालं. कॉन्टेसाचं ब्रेक पेडल दगडासारखं कडक झालंय आणि मालक म्हणतात, नवा बूस्टर टाका. ही गाडी २००२ साली बंद झाली. तिचे अस्सल पार्ट शोधून आणावे लागतात. म्हणून नीट तपासल्याशिवाय काहीच खोलू नकोस.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाब. कडक झालं की पाय तसाच ठेवून गाडी चालू कर. पेडल किंचित खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं, तर आधी मॅनिफोल्डकडून येणारा व्हॅक्यूम पाइप बघ. इंजिनच्या उष्णतेने जुनं रबर क्लिपपाशी चिरतं. मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बघ. पेडल दाबताच फुसफुस आवाज येऊन इंजिनची चाल बिघडली, तर बहुधा बूस्टरचा डायफ्राम फाटलाय.

इंजिन कुठलं आहे, तेही पाहा. पेट्रोलच्या जागी डिझेल बसवलं असेल, तर त्याच्या मॅनिफोल्डमधून पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही. वेगळा पंप लागतो. तो नसेल किंवा कमजोर झाला असेल, तर नव्या बूस्टरनेही पेडल हलकं होणार नाही.

पेडल कधी मऊ लागलं, तर लाइनमध्ये हवा शोध. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेलेत. ब्रेक ऑइल घटतंय, पण चाकं कोरडी आहेत? मग मास्टर सिलिंडर बूस्टरपासून सोडवून मागची बाजू बघ. तिथून गळलेलं ऑइल इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सर पांढरा धूर टाकतो. ऑइल दर दोन वर्षांनी बदल. ते हवेतली ओल शोषतं आणि लवकर उकळतं.

मालकांना एक सांग: उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करू नका. एक-दोनदा ब्रेक दाबला की साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल जड होतं.

खात्री होईपर्यंत गाडी देऊ नकोस. ते चिडले तरी चालेल. आपल्या एमआयडीसीतून सळया भरलेले ट्रक निघतात. त्यांच्या मागे गाडी वेळेवर थांबली पाहिजे. ती जबाबदारी बिल फाडणाऱ्याची, म्हणजे तुझी.

तुझा,
मामा