पाळीच्या तारखेआधीची चाचणी

बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांना महिन्याचे शेवटचे दहा-बारा दिवस फार जड जातात. स्त्रीबीज सुटून गेलेलं असतं, करण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि पाळीची तारीख अजून लांब असते. औषधाच्या दुकानात चाचणीची पट्टी स्वस्तात मिळते, त्यामुळे हात तिकडे वळतो आणि प्रश्न येतो, ‘लवकर कळायला कितव्या दिवशी करू?’ माझं उत्तर बऱ्याच जणींना आवडत नाही. पाळीची तारीख उलटून जाऊ द्या, त्यावर आणखी काही दिवस थांबा आणि मग चाचणी करा. त्याआधी केलेल्या चाचणीतून बातमी लवकर मिळते हा समज आहे. बहुतेक वेळा मिळतं ते अर्धवट उत्तर, आणि अर्धवट उत्तरानं जीव आणखीच टांगणीला लागतो.

हे शरीराच्या वेळापत्रकावरून स्पष्ट होईल. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू एकत्र आल्यावर लगेच गर्भधारणा ‘दिसत’ नाही. तयार झालेला गर्भ गर्भनलिकेतून गर्भाशयात येतो, अस्तरात रुजतो आणि त्यानंतरच एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात व लघवीत मोजण्याइतकं उतरू लागतं. पट्टी ओळखते ते हेच संप्रेरक. मग रुजायला किती दिवस लागतात? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या 221 स्त्रियांनी रोज सकाळची लघवी साठवून दिली, आणि त्या नमुन्यांवरून ॲलन विल्कॉक्स व सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार टिकलेल्या गर्भधारणांमध्ये गर्भ स्त्रीबीज सुटल्यावर 6 ते 12 दिवसांत रुजला, आणि त्यातल्या 84 टक्के गर्भधारणांत आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी. म्हणजे दहाव्या दिवशी हाती पट्टी घेणाऱ्या बाईचा गर्भ कदाचित त्याच दिवशी रुजत असेल. तिला एकच रेघ दिसेल, ती रडेल, आणि ती रेघ खोटी असेल. पाळी अपेक्षित असते त्या दिवशीसुद्धा सुमारे 10 टक्के गर्भ अजून रुजलेले नसतात, असं याच गटाच्या 2001 सालच्या लेखात आहे. पाकिटावर ‘99 टक्के अचूक’ लिहिलेलं असलं तरी जे संप्रेरक अजून तयारच झालेलं नाही, ते कुठलीही पट्टी दाखवू शकत नाही. एकदा रुजल्यावर मात्र एचसीजी साधारण दर दोन दिवसांनी दुप्पट होतं. तीन-चार दिवसांच्या थांबण्यानं इतका फरक पडतो तो त्यामुळे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘पट्टीचं सोडा, माझं शरीर मला सांगतं.’ छाती दुखरी होते, पोट फुगल्यासारखं वाटतं, दुपारी डोळे मिटू लागतात. या तक्रारी खऱ्या असतात, मनाचे खेळ नव्हेत. पण त्यामागे असतं प्रोजेस्टेरॉन, आणि ते स्त्रीबीज सुटल्यावर दर महिन्याला तयार होतं, दिवस राहोत वा न राहोत. गर्भ रुजण्याआधीच्या दिवसांत दोन्ही महिन्यांत शरीर जवळजवळ सारखंच वागतं. मळमळ तर शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, म्हणजे पाळी चुकल्यानंतर. तारखेआधीच्या मळमळीवरून काही ठरवू नये. ‘रुजताना होणारा रक्तस्राव’ हीसुद्धा इंटरनेटवर फार लाडकी गोष्ट. नॉर्थ कॅरोलिनातल्या याच अभ्यासातल्या ज्या 151 गर्भधारणा पुढे टिकल्या, त्यांतल्या फक्त 14 स्त्रियांना सुरुवातीच्या आठ आठवड्यांत काही डाग दिसले, आणि त्यांचा रुजण्याच्या दिवसाशी संबंध जुळला नाही. डाग दिसला म्हणून आनंद करण्यात अर्थ नाही आणि दिसला नाही म्हणून खचण्यातही नाही.

दुसरा मुद्दा जास्त नाजूक आहे. तारखेआधी दोन रेघा दिसल्या तर? तेही अर्धंच उत्तर. याच गटाच्या 1988 सालच्या अहवालात अभ्यासातल्या स्त्रियांच्या 22 टक्के गर्भधारणा कुणाच्या लक्षात येण्याआधीच संपल्या होत्या, आणि 1999 सालच्या निष्कर्षांनुसार जे गर्भ उशिरा रुजले त्यांच्यात हे प्रमाण फार जास्त होतं. पूर्वी अशा महिन्यात पाळी दोन-चार दिवस उशिरा आली एवढंच कळायचं. आता संवेदनशील पट्टीमुळे आधी फिकट रेघ, घरात आनंद आणि चार दिवसांनी रक्तस्राव, अशी ओळ लागते. अशा अतिलवकर संपणाऱ्या गर्भधारणांचं नेहमीचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष हे असतं. दुचाकीवर बसल्यानं, जिना चढल्यानं किंवा शरीरसंबंधामुळे ते होत नाही, आणि आठवडाभर पलंगावर पडून राहिल्यानं ते टळतही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. यावर कुणी म्हणेल, झालेला गर्भ गेला हे बाईला कळायचा हक्क नाही का? आहे. ज्यांचे गर्भ आधी वारंवार गेले आहेत किंवा ज्यांना पूर्वी नलिकेत गर्भ राहिला होता, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं लवकर चाचणी जरूर करावी, कारण तिथे उपचार बदलतात. इतरांच्या बाबतीत त्या चार दिवसांच्या ज्ञानानं करण्यासारखं काही हाती लागत नाही.

सर्वात वजनदार आक्षेप मात्र वेगळा: ‘लवकर कळलं तर काळजी लवकर घेता येईल.’ तर्क चांगला आहे, पण ही काळजी चाचणीच्याही आधी सुरू व्हायला हवी. फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी प्रयत्न सुरू करण्यापूर्वीपासून घ्यायची असते, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नलिका स्त्रीबीज सुटल्यापासून चार आठवड्यांच्या आसपास बंद होते, बऱ्याचदा पाळी चुकल्याचं नीट लक्षात येईपर्यंत. दारू, तंबाखू आणि मिश्री प्रयत्न सुरू करतानाच सोडायची. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब, फिट्स किंवा मुरुमांवरची औषधं चालू असतील तर ती बदलायची का हे आधी विचारायचं, आणि स्वतःच्या मनानं बंद करायची नाहीत. एवढं केलं असेल तर दहाव्या दिवसाच्या चाचणीनं वागण्यात काहीही फरक पडणार नाही. ‘टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही’ हा टोमणाही इथेच खोडून काढतो. आयव्हीएफ करणाऱ्या 3583 स्त्रियांवरच्या 14 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. उपचारापूर्वीच्या मानसिक ताणाचा गर्भ राहण्याशी संबंध त्यात आढळला नाही. हुरहुर वाटली तर वाटू द्या, तिनं दिवस राहणं अडत नाही.

आता थोडं व्यवहाराचं. पाळी नियमित नसेल, पीसीओडी असेल, तर ‘पाळीची तारीख’ हीच अंदाजे असते. अशा वेळी शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेली चाचणी विश्वासार्ह धरावी. चाचणी सकाळच्या पहिल्या लघवीवर करा, पाकिटावर दिलेल्या मिनिटांतच वाचा, आणि तासाभरानं कचऱ्यातून काढून पुन्हा पाहू नका. वाळलेल्या पट्टीवर उमटणारी रेघ ग्राह्य नसते. उत्तर नकारार्थी आलं आणि तरी पाळी आली नाही तर आठवड्यानं पुन्हा करा. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मिळतं, ते पुरेसं आहे. आययूआय किंवा आयव्हीएफ चालू असेल तर गणित वेगळं. स्त्रीबीज सोडण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनात बहुधा एचसीजीच असतं आणि ते दहा दिवस किंवा त्याहून जास्त शरीरात रेंगाळून खोट्या दोन रेघा दाखवू शकतं. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या पाळी लांबवतात, म्हणून तिथे पाळी न येणं हा पुरावा नव्हे. डॉक्टरांनी रक्तातल्या बीटा एचसीजीसाठी दिलेली तारीखच पाळा.

चाचणी होकारार्थी असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखलं, रक्तस्राव झाला, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखू लागलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. गर्भ नलिकेत असण्याची शक्यता असते. आणि महिन्यामागून महिने एकच रेघ दिसत असेल तर पट्ट्यांचा ब्रँड बदलून उपयोग नाही. नियमित संबंध असलेल्या सुमारे 84 टक्के जोडप्यांना वर्षभरात दिवस राहतात, तेवढा वेळ द्यावा. पत्नीचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत तपासणीला यावं, पाळी फार अनियमित असेल तर त्याहूनही आधी, आणि येताना नवऱ्यानं सोबत यावं. वीर्यतपासणी ही पहिल्याच भेटीत करायची, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी आहे, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा बायकोच्या सगळ्या तपासण्या संपल्यावर होते.