भिंती ढासळल्या, मग छप्पर कशावर राहिले?

प्रश्न : आमचे गाव निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चुलत्यांच्या जुन्या घराच्या दोन मातीच्या भिंती ढासळल्या, पण कौलारू छप्पर जागचे हलले नाही. कोणी म्हणते देवाची कृपा, कोणी म्हणते सागवानाची करामत. खरे कारण काय? आणि नव्या भिंती सिमेंटच्या घालाव्यात का?

उत्तर : छप्पर भिंतींवर टेकलेले असते असे आपण धरून चालतो, म्हणून हा प्रकार चमत्कार वाटतो. तुमच्या चुलत्यांच्या घरात ते भिंतींवर नव्हतेच. या भागातल्या जुन्या शेतकरी घरांचा भार लाकडी सांगाडा पेलतो. सोप्यातले खांब आपल्याला दिसतात आणि ते शोभेचे वाटतात. त्यांचे भाऊबंद भिंतींच्या पोटात, गिलाव्याआड उभे असतात.

भार खाली कसा उतरतो ते पाहा. एक मंगळुरी कौल दोन-अडीच किलोचे असते. ते रिपांवर, रिपा वाशांवर, वासे आडव्या लाकडांवर आणि ती तुळयांवर. तुळईचे वजन खांब घेतो. खांबाच्या डोक्याला जीभ काढलेली असते आणि तुळईला तिच्या मापाची खाच. जीभ खाचेत बसली की वरचे ओझेच सांधा दाबून धरते. शेवटी खांब उभा राहतो तो दगडी तळखड्यावर. भिंतीचे काम ऊन, वारा, चोर बाहेर ठेवण्याचे. मांडवाच्या कनाती सोडल्या तरी मांडव उभा राहतो, तसेच हे.

पुरात भिंतीचा पायथा भिजतो. मातीत पाणी शिरले की तिची ताकद जाते, वरच्या मातीचे वजन त्या मऊ पायथ्याला सोसत नाही आणि भिंत बसते. त्याच पाण्यात खांब उभा असतो, पण चांगले लाकूड चार दिवस भिजल्याने कुजत नाही. त्याला मारते ती वर्षानुवर्षांची ओल. तळखडा जोत्याच्या वर उचललेला असतो तो त्यासाठीच. खांब जमिनीत खोल गाडला तर जास्त मजबूत, हा समज म्हणून उलटा आहे. गाडलेला बुंधाच आधी कुजतो आणि वाळवीला आयती वाट मिळते.

सागवानाला श्रेय द्या, पण सगळे नको. सागाचा आतला गाभा वाळवीला दाद देत नाही, बाहेरचा पांढरट भाग मात्र ती खाते. फणस, जांभूळ, किंदळ यांचे खांबही पिढ्यान् पिढ्या टिकले आहेत. छप्पर तगले ते मांडणीमुळे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. गावातले प्रत्येक मातीचे घर असे नसते. हात आखडता असला की खांब न घालता आडवी लाकडे थेट भिंतीवर टेकवत. तिथे भिंत गेली की छप्परही गेले. शिवाय छप्पर राहिले म्हणजे माणूस वाचतोच असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात कित्येक घरांचा लाकडी सांगाडा उभा राहिला, पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या.

आता नव्या भिंतींचे. सिमेंटच्या घालायला हरकत नाही, पण दोन चुका टाळा. नवी भिंत झाली म्हणून मधले खांब काढून सोपा मोकळा करू नका. तुळईला दुप्पट अंतर पेलायला लावले की ती वाकते. दुसरे, फरशी घालताना खांबाच्या बुडाभोवती काँक्रीट ओतू नका. त्यात साठलेली ओल बाहेर पडत नाही आणि पुराने जे केले नाही ते दहा-पंधरा पावसाळ्यांत होते. मातीच्याच भिंती घालणार असाल, तर पायथ्याचे दोन-तीन फूट दगडात चढवा.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक खांबाच्या बुडाशी पेचकसाचे टोक दाबून बघा. टोक सहज आत गेले, तर कुजलेला भाग कापून तिथे दगड किंवा नवे लाकूड बसवावे लागेल. त्या वेळी तुळईला आधी टेकू द्या, मग करवत लावा.