घटक ४ : शाईचित्र आणि तैलचित्र – साधने व तंत्र



तुलनात्मक उत्तर लिहिताना दोन्ही विषयांना एकच निकष लावावा लागतो; अन्यथा दोन स्वतंत्र वर्णने तयार होतात. या घटकाचा निकष असा : रंग पृष्ठभागात मुरतो की पृष्ठभागावर राहतो?

४.१ माध्यम
'शाई' हा शब्द फारसी 'सियाही'वरून आला. त्याचा मूळ अर्थ काळेपणा. पारंपरिक काळी शाई काजळी आणि डिंक पाण्यात घोटून करीत. चीन-जपानमध्ये डिंकाऐवजी प्राणिज सरस वापरतात. तैलरंगात रंगद्रव्य बहुधा जवसाच्या तेलात घोटलेले असते. शाई पाणी उडताच वाळते. जवसाचे तेल उडत नाही; ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. त्यास कित्येक दिवस लागतात.

४.२ पृष्ठभाग
भिवंडीत यंत्रमागावर चढवण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ देतात, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. या 'सायझिंग'मुळे सूत घर्षण सोसते. तैलचित्राच्या कॅनव्हासलाही प्रथम सरसाचा लेप देतात. मात्र तेथे हेतू वेगळा असतो. तेल धाग्यांत उतरल्यास कापड कालांतराने ठिसूळ होते. याउलट, मुक्त शैलीचा चिनी शाईचित्रकार शाई मुरावी म्हणून असा लेप नसलेला कागद मुद्दाम निवडतो.

४.३ तंत्र
मुरलेली रेषा पुसता येत नाही. म्हणून शाईचित्रकाराला निर्णय कुंचला टेकवण्यापूर्वीच घ्यावा लागतो. करड्या छटा तो पाण्याच्या प्रमाणाने साधतो. पांढरा भाग म्हणजे कोरा सोडलेला कागद. तैलचित्रकार ओला रंग खरवडू शकतो, शेजारच्या रंगात मिसळू शकतो, वाळल्यावर त्यावर पुन्हा रंगवू शकतो. मात्र वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल अधिक हवे. नाहीतर चित्राला तडे जातात.

४.४ मूल्यमापन
१८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील पाश्चात्त्य धर्तीच्या शिक्षणामुळे आणि राजा रविवर्मा यांच्या चित्रांमुळे तैलचित्राला आपल्याकडे मोठी प्रतिष्ठा लाभली. त्यापुढे शाईचित्र म्हणजे कच्चा आराखडा, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. काजळीचा काळा रंग प्रकाशाने फिका पडत नाही. जवसाचे तेल मात्र काळानुसार पिवळसर होते. एका माध्यमात विचार आधी पूर्ण होतो, दुसऱ्यात तो काम करता करता बदलू शकतो. हा फरक श्रेष्ठ-कनिष्ठतेचा नसून पद्धतीचा आहे.

स्वाध्याय
'दुरुस्तीची शक्यता' हा एकच निकष घेऊन दोन्ही माध्यमांची तुलना दहा ओळींत करा.