ताट येईपर्यंत

लहान मुलांना घेऊन उपाहारगृहात जाणाऱ्या कुटुंबाची खरी कसोटी ताट पुढ्यात आल्यावर लागत नाही, तर मागणी सांगितल्यापासून ताट येईपर्यंत जो रिकामा अवधी जातो त्यात लागते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. आणि या मतास गणेशपुरी मुक्कामी घडलेला एक प्रसंग कारण झाला असल्यामुळे, त्याची कैफियत आधी सांगून मग त्यावरून सुचलेली तजवीज मांडणे इष्ट होईल.

चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतील नवसाशी जिचे मंदिर जोडलेले आहे त्या वज्रेश्वरीचे दर्शन, तानसेकाठच्या उष्ण कुंडांत स्नान, गणेशपुरीस भीमेश्वर व नित्यानंदांची समाधी, आणि त्यानंतर भोजन, हा मुंबई-ठाण्याकडील कुटुंबांचा जुना शिरस्ता आहे. मुलांच्या दृष्टीने या शिरस्त्यात एक मेख आहे. कुंडातले ऊन पाणी मोठ्यांचा शीण घालवते खरे, परंतु पोर त्यातून बाहेर येते ते भूक, तहान आणि झोप या तिन्हींनी एकदम घेरलेले. आणि सुटीच्या दिवशी नेमक्या त्याच घटकेस सारी गर्दी कुंडावरून उठून खाणावळींकडे वळलेली असते.

आम्हांस रस्त्यालगतच्या एका उपाहारगृहात जागा मिळाली ती मुदपाकखान्याच्या दाराशी. इडली-सांबार आणि थाळ्या मागवून वडीलधारी मंडळी गप्पांत रमली, व चार वर्षांच्या नातवाच्या हाती मोबाइल दिल्यामुळे त्याचा बंदोबस्त झाला असे सर्वांनी गृहीत धरले. फोनची बॅटरी मात्र कुंडावरच्या फोटोंनी आधीच संपत आली होती. पडदा काळा पडताच नातू बाकावरून घसरला, टेबलाखालून सरपटत गेला आणि वाटेत जो उभा राहिला तो सांबाराच्या वाट्या घेऊन लगबगीने येणाऱ्या वाढप्याच्या अगदी पुढ्यात. त्या तरुणाने मुलाच्या डोक्यावर काही सांडू नये म्हणून ट्रे स्वतःकडे कलता केला. मुलाच्या केसालाही धक्का लागला नाही; उकळते सांबार त्या वाढप्याच्याच हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सांडले, आणि शेवग्याच्या शेंगेचा एक तुकडा दुमडलेल्या बाहीत तसाच अडकून राहिला. कोणी टूथपेस्ट आणावयास धावले, कोणी हळद. सुनेने मात्र कोणाचे न ऐकता त्याचा हात बेसिनच्या नळाखाली धरला, आणि चांगली वीस मिनिटे हलू दिला नाही. भाजल्यावर पहिला उपचार हाच: वाहते, साधे गार पाणी, बर्फ नको, लेप नको, आणि भाजणे मोठे असेल तर त्यानंतर विलंब न लावता दवाखाना.

पोरे पूर्वीही जेवणासाठी खोळंबत होतीच. याच गणेशपुरीत नित्यानंदांनी मुलांना जेवू घालण्याचा जो परिपाठ घातला, तो बालभोजनाच्या रूपाने त्यांच्या १९६१ सालच्या समाधीनंतरही चालू राहिला; आणि अशा पंगतीत बसलेल्या मुलांची करमणूक करण्याचा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. पान मांडले जाते, पाणी येते, मीठ येते, भात ओळीच्या टोकापासून आपल्याकडे सरकताना डोळ्यांना दिसतो. प्रतीक्षा असते, पण तिच्यात दर क्षणी काहीतरी घडत असते आणि आपली पाळी कधी येणार हे लहानग्यासही उमगते. उपाहारगृहात हे सारे भिंतीआड होते, मुलापुढे उरते ते नुसते टेबल. म्हणून माझे सांगणे एवढेच, की मुलास करमणूक पुरवण्यापेक्षा पंगतीचा तो क्रम टेबलावर आणावा.

आणावा म्हणजे काय, त्याचा तपशील असा. कुंडावरून निघतानाच मुलास पाणी पाजून केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा, म्हणजे उपाहारगृहात पाऊल टाकताना भुकेचा कडेलोट झालेला नसतो. अख्खे शेंगदाणे वा फुटाणे मात्र अगदी लहानांच्या हाती देऊ नयेत, ते घशात अडकतात. जागा भिंतीकडेची पाहावी, मुलास आतल्या बाजूस बसवावे, गरम वाट्या व चहाचे पेले त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवावेत. इडली किंवा दहीभात आधी मागवावा, थाळ्या मागाहून. मग मुलास कामे सांगावीत: प्रत्येकापुढे चमचा ठेवणे, माणसे मोजून पापड किती लागतील ते वाढप्यास सांगणे, कागदी रुमालाची होडी करणे, सांबारात कोणकोणत्या भाज्या निघतील याची पैज लावणे. मोठ्या मुलांस भेंड्या पुरतात. लहानांसाठी एक वही आणि दोन खडू पिशवीत असावेत, पण ते बसल्याबरोबर न काढता चुळबुळ सुरू झाल्यावर काढावेत.

मोबाइलविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेला सल्ला, दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाहून अधिक नको, असा आहे. माझा आक्षेप त्याहून व्यवहारी आहे. पडद्यात गुंगलेल्या मुलास भोवतालची वाट, वाढपी, वाफाळणारे भांडे यांची दखलच नसते, आणि पडदा विझताच ते त्या अनोळखी मुलखात एकाएकी उतरते.

उपाहारगृह आपल्यासाठी विसाव्याचे ठिकाण असले, तरी वाढप्यासाठी ते कामाचे ठिकाण आहे, ही जाणीव मुलास चार-पाच वर्षांच्या वयात सहज देता येते. पाणी आणून देणाऱ्या दादांचे आभार मानावयास शिकवले की त्यांच्या वाटेत धावू नये हे वेगळे बजावावे लागत नाही. जेवण उरकत आले की एका वडीलधाऱ्याने मुलास घेऊन बाहेर पडावे, दुसऱ्याने हिशेब चुकता करावा. आणि उठण्याची वेळ आपल्या गप्पांवरून न ठरवता मुलाच्या चेहऱ्यावरून ठरवावी.