गिधाडाच्या निमित्ताने पर्यावरणशास्त्राची परिभाषा

पर्यावरण हा विषय आपण कलाशाखेचे विद्यार्थी बहुधा व्याख्या पाठ करून पार पाडतो. 'परिसंस्था', 'उत्पादक', 'भक्षक', 'विघटक' हे शब्द उत्तरपत्रिकेत उतरतात आणि तेथेच राहतात. म्हणून हे शब्द एकाच पक्ष्याच्या आधाराने तपासून पाहावेत असे मला वाटले. तो पक्षी म्हणजे गिधाड.

एखाद्या ठिकाणचे सर्व सजीव, तेथील माती, पाणी, हवा, ऊन आणि या सर्वांमधील देवघेव मिळून परिसंस्था होते. ही संज्ञा टान्सले या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1935 साली रूढ केली. गवत हे उत्पादक. ते खाणारा बैल प्राथमिक भक्षक. बैल मेल्यावर त्याच्यावर तुटून पडणारे गिधाड कोण? आपल्यापैकी बरेच जण 'विघटक' असे उत्तर देतील. परंतु विघटक म्हणजे मुख्यतः जीवाणू व बुरशी. ती मृत पदार्थ कुजवून त्यांतील क्षार मातीला परत देतात. गिधाड मांस खाऊन पचवते. ते मृतभक्षक, म्हणजे भक्षकांपैकीच एक.

'अधिवास' म्हणजे राहण्याची जागा, हे सोपे आहे. 'निश' ही संज्ञा मात्र फसवी. मूळ अर्थाने निश म्हणजे भिंतीतला कोनाडा. शास्त्रात तिचा अर्थ परिसंस्थेत त्या जीवाने सांभाळलेले काम व त्याच्या गरजा. गिधाडांचा मोठा थवा जनावराचे मांस तासाभरात संपवतो. गिधाडे गेल्यावर हा कोनाडा भटक्या कुत्र्यांनी व्यापला खरा, पण तितक्या झपाट्याने काम उरकणे त्यांना जमत नाही. शिवाय कुत्र्यांबरोबर रेबीजचे भय आलेच.

गिधाडे गेली कशाने? भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 1992 ते 2007 या काळात सुमारे 99.9 टक्क्यांनी घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे त्याचे कारण असल्याचे 2004 साली पाकिस्तानातील संशोधनातून सिद्ध झाले. औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते.

येथे आणखी एक शब्द जपून वापरायला हवा. डीडीटी अन्नसाखळीत पायरी-पायरीने साठत व वाढत जाते. त्याला 'जैविक विशालन' म्हणतात. डायक्लोफिनॅक तसे साठत नाही. जनावराच्या शरीरातून ते काही दिवसांत निघून जाते. गिधाडाचा घात एकाच जेवणात होतो. थवाच्या थवा एका मृतदेहावर जेवत असल्याने थोडी विषारी जनावरेही पुरेशी ठरली. हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. साठणारे विष वापर थांबवल्यावरही वर्षानुवर्षे टिकते. येथे औषध बदलले की धोका टळतो. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे, आणि जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यास भारतात 2006 साली बंदी झाली.

तरीही गिधाडांची संख्या पूर्ववत झालेली नाही. याचे एक कारण 'प्रजननदर' या संज्ञेत आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. उंदरांची संख्या अशी घसरली असती, तर ती दोन-चार पावसाळ्यांत भरून निघाली असती.