मोडलेल्या घरातले मूल आणि विश्वासाचा नेम

घाटकोपरच्या आमच्या एकादशीच्या भजनाला एक नऊ वर्षांचा मुलगा आईबरोबर येतो. टाळ चांगला धरतो. आईवडील वेगळे झाले आहेत. वडील बोरिवलीला राहतात. "रविवारी येतो" असे सांगून ते लागोपाठ तीन रविवार आले नाहीत. चौथ्या खेपेला आम्ही विचारले, "काय रे, आज बाबा यायचे ना?" पोरगा शांतपणे म्हणाला, "मोठी माणसं असंच म्हणतात." आमच्या काळजात चर्र झाले. रडणाऱ्या मुलाला अजून आशा असते. याने आशाच सोडली होती.

अशा वेळी काय करावे, याचा पाठ आपल्या संप्रदायाच्या पायाशीच आहे.

आपेगावच्या विठ्ठलपंतांनी आळंदीच्या रुक्मिणीबाईंना मागे ठेवून काशीत संन्यास घेतला. गुरूंनी त्यांना परत संसारात पाठवले. पुढे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार लेकरे झाली आणि संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडली. परंपरा सांगते, की प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी देह सोडला. जाणत्यांच्या वादात लेकरे उघडी पडली. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली तेव्हा प्रचलित मतानुसार ज्ञानदेव पंधरा वर्षांचे होते. एवढ्या वयात त्यांनी हे सारे भोगून टाकले होते.

ही पोरे सावरली कशी? चमत्कार क्षणभर बाजूला ठेवून पाहू.

पहिली गोष्ट, चौघे एकमेकांना धरून राहिली. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने निवृत्तिनाथ चुकले, ते गहिनीनाथांच्या गुहेत पोचले, अशी कथा आहे. तिथे मिळाले ते त्यांनी भावंडांना दिले. थोरल्याचा शब्द धाकट्यांना आधार झाला. म्हणून घर मोडले तरी भावंडांची, आजीआजोबांची ताटातूट शक्यतो करू नये. मुलाला एक तरी न हलणारे माणूस लागते.

दुसरी गोष्ट ताटीची. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेवांनी झोपडीचे दार लावून घेतले. मुक्ताईने दार फोडले नाही. बाहेर बसून समजावीत राहिली. आपण मात्र मुलाने तोंड फिरवले की म्हणतो, "बापाशी असं वागतात का?" तो राग काढण्याचा हक्क मुलाचा आहे. आपण बाहेर बसावे, उठून जाऊ नये.

तिसरी गोष्ट, दोषाचे ओझे मुलावर टाकू नये. "तुला कोणाकडे राहायचंय?" हे शेजारीपाजारी सहज विचारतात, पण ते पोराच्या जिवावर येते. कायदाही इथे सावध आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात मुलाचे हित सर्वांत वर ठेवले आहे. १९८४ च्या कायद्याने झालेल्या कुटुंब न्यायालयांत समुपदेशकही असतात. मुंबईचे न्यायालय वांद्र्याला आहे. मुलाला निरोप्या करून भांडण्यापेक्षा तिथे बोललेले बरे.

एक सावधानी. जिथे मारहाण वा भय आहे, तिथे "जुळवून घ्या" असा उपदेश आम्ही करणार नाही. मुलांसाठी १०९८ हा फोन १९९६ साली मुंबईतच सुरू झाला; तो लावावा. क्षमा मुलाकडून वसूल करायची नसते. ज्ञानदेवांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले. पण ते त्यांनी आपल्या मनाने, आपल्या वेळी मागितले.

आता कोणी म्हणेल, "ती संतांची लेकरे, आमची साधी." खरे आहे. म्हणूनच साध्या माणसाला वारी दिली आहे. वारीत मोठे बोलणे नसते, येणे असते. आषाढी चुकवायची नाही, एवढेच. विश्वासही तसाच परत येतो, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी.

त्या वडिलांना आम्ही एवढेच सांगितले, "कमी सांगा, पण पाळा." त्यांनी महिन्यातले दोन रविवार ठरवले. बोरिवलीहून अंधेरी, तिथून मेट्रोने घाटकोपर. खेळणी नाहीत, मोठी वचने नाहीत. जमणार नसेल तर आदल्या दिवशी स्वतः फोन. पोरगा पहिले काही महिने बोललाच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी खूण मात्र करी. आले की टिकली, नाही आले की फुली.

वर्ष सरत आले तेव्हा आई म्हणाली, "बुवा, दोन महिने झाले, त्यानं खूणच केली नाही." आम्ही घाबरून विचारले, "का, येत नाहीत का?"

"येतात की. तो खूण करायचं विसरतो."

मोजणे थांबले, तिथे विश्वास आला. घर पूर्वीसारखे झाले नाही, होणारही नाही. पण मुलाला पाय ठेवायला जमीन मिळाली. आपल्या मंडळात असे मूल असेल तर त्याला टाळ द्या, काही विचारू नका, आणि पुढच्या एकादशीला त्याची जागा राखून ठेवा.

रामकृष्णहरी.